तिथी पाहून ठरणारा सराव: सिंधुदुर्गातल्या एका रोइंग प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचा अभ्यास

क्रीडा संचालकांच्या बैठकीत रोइंगचा, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतींचा, विषय निघाला की दोन मिनिटांत संपतो. "आमच्याकडे सोय नाही" असं सगळेच म्हणतात आणि यादीतला पुढचा खेळ घेतला जातो. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या महाविद्यालयात मात्र एका शारीरिक शिक्षण संचालकांनी तीस वर्षं हा खेळ चालवला. ते निवृत्त झाले आणि तो पुढे कोणी, कसा चालवायचा हा प्रश्न अजून तसाच पडून आहे. मी जवळच्याच तालुक्यात त्याच पदावर आहे. त्यांच्या खाडीवर मी वर्षानुवर्षं जात आलो आहे, आमची मुलं त्यांच्याकडे शिकली आहेत. म्हणून हे प्रकरण मला नीट मांडावंसं वाटलं. व्यक्तीचं आणि महाविद्यालयाचं नाव देत नाही. विद्यार्थी त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणेन.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सरांचं काम आयुष्यभर पदकांत मोजलं गेलं आणि त्या मापाने ते साधारणच भरलं. त्यांची खरी कमाई वेगळी होती: भरती-ओहोटीच्या, वाऱ्याच्या, चिखलाच्या खाडीत हा खेळ बसवायचा कसा, हे त्यांनी शोधून काढलं. ते ज्ञान कुठल्याही अर्जात, अहवालात मांडायला रकाना नव्हता. मांडलं गेलं नाही म्हणून ते कोणाच्या हाती सोपवायचीही कोणाला गरज वाटली नाही. सर स्वतःही त्याला अपवाद नव्हते.

सुरुवात

सर मूळचे घाटावरचे, कबड्डी खेळलेले. १९९० च्या सुमारास इथे रुजू झाले. महाविद्यालयाचं मैदान डोंगरउतारावर, जांभा दगड फोडून सपाट केलेलं. पावसाळ्याचे चार महिने त्यावर पाय ठरत नाही. खाली खाडी, आणि खाडीच्या धक्क्यावर एनसीसीच्या नौदल शाखेची एक जुनी व्हेलर. व्हेलर म्हणजे २७ फुटांची, पाच वल्ह्यांची जड लाकडी होडी. नौसैनिक शिबिरांत बोट-पुलिंगची, म्हणजे अशी होडी वल्हवण्याची, स्पर्धा असते, तिची तयारी या होडीवर व्हायची. तिची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हतं, ती नव्या माणसावर आली.

पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तक समोर ठेवून वल्हवणं शिकवायला सुरुवात केली. धक्क्यावर गाबीत या मच्छीमार समाजातले एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, जाळी विणत बसलेले असत. त्यांनी दोन-चार दिवस पाहिलं आणि म्हणाले, "मास्तरांनू, वल्ह्याचा मगे बघूया. आधी पाणी खंयसून येता नि खंय जाता ता बघा." सरांनी ते शब्दशः मनावर घेतलं. तो सगळा मोसम ते त्या तांडेलांच्या होडीतून खाडीत हिंडले. पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, कुठे सरकते, ओहोटीला ओढ कुठल्या काठाने जास्त, जाळी कुठे लावलेली असतात, कुठल्या खडकावर कालवं आहेत. घाटावरून आलेल्या शिक्षकाने एका मच्छीमाराचं शिष्यत्व पत्करणं त्या काळात गावात चर्चेचा विषय झालं होतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच.

त्या वेळी मुंबईला जायचं तर एसटीची रात्रभराची गाडी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. विद्यापीठ मुंबईचं, त्यामुळे प्रत्येक स्पर्धेला, प्रत्येक चाचणीला तेवढा प्रवास. होड्या बरोबर नेणं अशक्यच. खाडीतल्या जड होडीवर सराव करायचा आणि तिकडे संयोजकांच्या अनोळखी, हलक्या होडीत बसून स्पर्धा करायची, हे मुलांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं.

पाणी

रोइंगची प्रमाण शर्यत २००० मीटरची, सरळ, स्थिर पाण्यावर, १३.५ मीटर रुंदीच्या मार्गिकांमध्ये. आपल्या कुठल्याही खाडीत यातलं काहीच नाही. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि दोन वेळच्या मधे वाहत असतं.

सरांनी जिमखान्याच्या भिंतीवर कालनिर्णय लावलं होतं. सरावाचं वेळापत्रक तेच. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून हा हिशेब बसतो. मुंबईच्या बाजूला तो बराच जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे सिंधुदुर्गात वेळ थोडी अलीकडे येते, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी परत उशिरा होते. सरांनी आपल्या धक्क्यासाठी पाऊण तास वजा करायचा असं ठरवलं होतं, तेही नुसत्या अंदाजाने नाही. धक्क्याच्या खांबावर रंगाच्या खुणा करून त्यांनी कित्येक महिने पाणी पाहिलं होतं.

त्यातून पंधरवड्याचा आराखडा तयार झाला. अष्टमीपासून द्वादशीपर्यंत सकाळी सहा ते साडेसात धक्क्याला पाणी असतं. प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत त्याच वेळी गुडघाभर चिखल. शिवाय ते दिवस उधाणाचे: भरती मोठी, ओहोटी खोल आणि मधली ओढ जोरकस. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढ मंद. सरांनी वेळ लावून घ्यायच्या फेऱ्या फक्त नवमी-दशमीला ठेवल्या. उधाणाच्या दिवसांत जमिनीवर व्यायाम, दोरीउड्या, डोंगर चढणं. सरावात जड आणि हलके आठवडे आलटून-पालटून हवेत असं प्रशिक्षणशास्त्र सांगतं. इथे ती आखणी चंद्राने करून दिली आणि सरांनी ती मुकाट्याने स्वीकारली.

वाऱ्याचीही तीच गोष्ट. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, पाणी जवळजवळ सपाट. दुपार कलली की खारे वारे सुरू, खाडीच्या तोंडाशी फुटाफुटाच्या लाटा. व्हेलरला त्याचं काही वाटत नाही. स्पर्धेची सिंगल स्कल, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची होडी, मात्र किमान १४ किलोची, आठ-सव्वाआठ मीटर लांब आणि माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद. ती दुपारी तीनला या खाडीत उतरवणं म्हणजे ती भरून घेणंच. कॉलेजचे तास सकाळीच सुरू होतात, त्यामुळे पाणी, वारा आणि तास या तिन्हींना मान्य होणारे सकाळचे दीड तास, तेही पंधरवड्यातले पाच दिवस, एवढीच खरी संधी. सरांचं सगळं प्रशिक्षण त्या तेवढ्या वेळात उभं राहिलं.

ओढीचा हिशेब

एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण सरांच्या कारकिर्दीबद्दलचा गैरसमज तिथून सुरू झाला.

एका वर्षी निवडीसाठी मुलांच्या २००० मीटरच्या वेळा आधी कळवायच्या होत्या. नेमकी सरांची ड्यूटी परीक्षेवर लागली आणि एका सहकाऱ्याने वेळा घेतल्या, त्याही पौर्णिमेनंतरच्या भरतीत. वेळा फार सुंदर आल्या. मुलं मुंबईला गेली आणि प्रत्यक्षात मिनिटभराने मागे पडली. तेव्हापासून "खाडीवाल्यांच्या वेळा खोट्या" असा शिक्का बसला.

गणित साधं आहे. होडीचा स्वतःचा वेग सेकंदाला ४ मीटर धरला तर स्थिर पाण्यात २००० मीटरला ५०० सेकंद लागतात. पाठीमागून सेकंदाला अर्ध्या मीटरची ओढ असेल तर ४४४ सेकंद, समोरून असेल तर ५७१. तीच मुलं, तेवढाच जोर, आणि दोन वेळांत दोन मिनिटांहून जास्त फरक. जाता-येताची सरासरी काढली तरी ती खऱ्या वेळेपेक्षा सात-आठ सेकंद जास्तच भरते, कारण उलट्या पाण्यात आपण जास्त काळ असतो. सरांना हे सगळं माहीत होतं, म्हणूनच नवमी-दशमीचा हट्ट. पण ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. सहकाऱ्याला कोणी सांगितलंच नाही.

यानंतर त्यांनी रोइंग मशीनसाठी जिवाचं रान केलं. कुठल्या खात्यातून पैसे आले, किती अर्ज गेले तो तपशील कंटाळवाणा आहे, मशीन आलं हे महत्त्वाचं. मशीनला ओढ नसते. ५०० मीटर दोन मिनिटांत काढले की ते २०० वॉटच्या किंचित वर दाखवतं, मग ते मशीन पुण्यात असो की मालवणात. निवड समितीसमोर खाडीतल्या मुलांना पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीचा पुरावा मिळाला. पावसाळ्याचाही प्रश्न थोडा सुटला. स्पर्धांची तयारी पहिल्या सत्रात करावी लागते आणि जून ते सप्टेंबर खाडी लाल पाण्याने, ओंडक्यांनी भरून वाहत असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मच्छीमारांची मुलं मोकळी, पण पाण्यात उतरायची सोय नाही. ते दोन महिने सरांनी मशीनवर लावले. खाऱ्या दमट हवेत मशीनची साखळी आठवड्यात गंजते, पंख्याच्या जाळीत मळ साचून वाऱ्याचा विरोध बदलतो आणि आकडे फसवे होतात. शनिवारी साखळी पुसून तेल लावणं आणि जाळी ब्रशने साफ करणं हे काम कॅप्टनचं. त्याला माफी नव्हती.

मुलं, मुली आणि मोसम

मच्छीमारांच्या घरातली मुलं वल्हं धरायला शिकून आलेली असतात हा खरा तर अडथळा ठरायचा. होडीतलं घरचं वल्हवणं हातांचं आणि पाठीचं असतं. रोइंगच्या होडीत बैठक सरकते आणि जोर पायांतून येतो. वल्हं पाण्यात गेलं की आधी पाय, मग कंबर, शेवटी हात, आणि परत येताना बरोबर उलट. सर धक्क्यावर मुलांना ओळीने बसवून होडीशिवाय हे करून घेत: "हात, कंबर, पाय. घाई नको. परत येताना विसावा आहे, तो घ्या." तगड्या मुलाला हे पटायला महिना जातो. त्याला वाटतं जोर कमी पडतोय.

मुलींचा संघ सुरू झाला तो एका आईमुळे. मुलगी मशीनवर उत्तम आकडे काढत होती, पण खाडीत पाठवायला घरून नकार. सर घरी गेले. आई बाजारात मासे विकायची. ती म्हणाली, "सर, पाण्याक मी भियत नाय. पण थंय कपडे खंय बदलतली ती? नि उशीर झालो तर घराक कोण आणतला?" सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ते प्रश्न प्राचार्यांसमोर तसेच ठेवले आणि धक्क्याजवळच्या गोदामाची एक खोली मुलींसाठी मिळवली. पहिला महिना ती आई स्वतः सरांच्या होडीत बसून येत असे. पोहण्याची चाचणी मुलांना आणि मुलींना एकच, लाइफ जॅकेटशिवाय कोणी बोटीत नाही, हे नियम तिच्या देखत ठरले. नंतर गावात कोणी शंका काढली की उत्तर तीच द्यायची.

मोसमाचं मात्र कोणाला काही करता आलं नाही. दिवाळीपासून मेपर्यंत तारकर्ली, देवबाग, मालवणला पर्यटक येतात. स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन दाखवायच्या होड्या. पोहता येणाऱ्या मुलाला तिथे रोज पैसे मिळतात, आणि नेमका तोच मोसम खाडीत सरावाचा. सरांनी कधी कोणाला "खेळ की पैसा" असं विचारलं नाही. पहाटेचा सराव संपवून मुलगा आठला कामावर पोचेल, एवढी काळजी घेतली. काही टिकले, बरेच सुटले.

निकाल काय? विद्यापीठ स्तरावर काही पदकं, विद्यापीठाच्या संघात अधूनमधून एखाददुसरं नाव, नौसैनिक शिबिरांत चांगली कामगिरी. राष्ट्रीय स्तरावर चमकलेला एकही खेळाडू नाही. दुसरीकडे त्यांच्या हाताखालून गेलेले लोक नौदलात, तटरक्षक दलात, व्यापारी जहाजांवर, सागरी पोलिसांत आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांमध्ये आहेत. वार्षिक मूल्यमापनात यातल्या फक्त पहिल्या वाक्याला गुण मिळतात.

इथे दत्तू भोकनळ यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण घेऊन आला. मग किनाऱ्यावरच्या मुलांना काय झालं? प्रश्न चुकीचा आहे. दत्तू सैन्यात गेले, तिथे त्यांना रोइंग मिळालं. पुण्याला दापोडीत लष्कराचं रोइंग केंद्र आहे: स्थिर पाणी, होड्या, पूर्णवेळ प्रशिक्षक, पगार, जेवण. भारतीय रोइंग बहुतांशी अशा केंद्रांतून उभं राहिलं. खाडीकाठच्या महाविद्यालयातल्या एका शिक्षकाची तुलना त्याच्याशी करणं त्या शिक्षकावर अन्याय करणारं आहे, आणि मी हे प्रत्येक बैठकीत म्हणत आलो आहे.

शेवटची दोन वर्षं

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना महाविद्यालयाकडे क्रीडा विकासासाठी थोडा निधी आला. त्या रकमेचं काय करायचं यावर तीन मतं पडली. या प्रकरणातला कळीचा टप्पा हाच.

संस्थाचालकांचं मत होतं की स्पर्धेच्या दर्जाच्या दोन नव्या होड्या घ्याव्यात. तपासणीला समिती येणार होती, दाखवायला काहीतरी ठोस हवं होतं. त्यात गैर काही नव्हतं. दुसरं मत एका माजी खेळाडूचं: सराव तिळारीच्या धरणात न्यावा, पाणी स्थिर आहे. कागदावर उत्तम, पण हे धरण दोडामार्ग तालुक्यात, खाडीपासून इतकं लांब की रोजचा सराव आठवड्याच्या शिबिरावर आला असता, आणि पहाटे सराव करून कामावर जाणारी मुलं पहिल्याच महिन्यात गळाली असती.

सरांचं मत तिसरं होतं, आणि ते ऐकून सगळे बुचकळ्यात पडले. ते म्हणाले, सपाट पाण्याच्या होड्या आता घेऊच नका, समुद्रावरच्या रोइंगकडे वळा.

त्यामागे विचार होता. कोस्टल रोइंग म्हणजे लाटांसाठी बनवलेल्या रुंद, मजबूत होड्यांतला खेळ. तिची सिंगल किमान ३५ किलोची, जास्तीत जास्त ६ मीटर लांब, निदान पाऊण मीटर रुंद. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा बीच स्प्रिंट हा प्रकार पहिल्यांदा येतो आहे: वाळूवरून धावत येऊन होडीत बसायचं, बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांना, वळसे घालत २५० मीटर आत जायचं, वळून सरळ २५० मीटर परत यायचं, उडी मारून पुन्हा वाळूवर धावत सुटायचं. पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी. त्याच वेळी कमी वजनाच्या खेळाडूंचा गट ऑलिंपिकमधून गेला, पॅरिस २०२४ हे त्याचं शेवटचं. हे आपल्याला लागणारं आहे. पुरुषांच्या त्या गटाची मर्यादा ७२.५ किलोची, आणि कोकणातल्या शिडशिडीत अंगाच्या मुलांना तीच एक जागा होती. टोकियोत भारताची जोडी अकरावी आली ती याच गटात. ते दार बंद झालं. बीच स्प्रिंटमध्येही उंच, धिप्पाड माणसाला फायदा असतोच. पण लाट कधी फुटते आणि होडी कधी वळवायची हे ओळखणाऱ्यालाही तिथे काही मिळतं, आणि ते आपल्या मुलांना घरातूनच येतं.

आयात केलेली होडी निधीत बसत नव्हती. सरांनी मासेमारीच्या फायबर होड्या बनवणाऱ्या एका कारागिराला गाठलं आणि दोघांची सरावाची होडी बनवून घेतली. सरकत्या बैठका आणि रिगर, म्हणजे वल्हं अडकवायचे बाजूचे दांडे, एका मोडक्या जुन्या स्कलवरून काढलेले. होडीचं वजन दुहेरीच्या ६० किलो किमान वजनाच्या बरंच वर गेलं. स्पर्धेला ती चालणार नाही हे सरांना ठाऊक होतं. पण ती दुपारच्या खाऱ्या वाऱ्यातही बाहेर पडू शकत होती, म्हणजे पंधरवड्यातल्या पाच सकाळींचं बंधन सुटलं. तीस वर्षं ज्या अडचणीभोवती त्यांनी सगळं आखलं, ती या एका होडीने निम्मी केली. उरलेल्या रकमेत एक नवी होडी संस्थाचालकांच्या मतानेही आली. ती आजही नवीच दिसते.

या दोन वर्षांत सरांनी आणखी एक काम केलं, जे पंचवीस वर्षं आधी व्हायला हवं होतं: भरतीची वही. कुठल्या तिथीला धक्क्याला किती वाजता पाणी, कुठल्या महिन्यात पुळण कुठे, जाळ्यांच्या जागा, वारा कधी फिरतो, कुठल्या पाण्यात कोणाला पाठवायचं नाही. शेवटच्या पानांवर होडीची निगा: प्रत्येक सरावानंतर विहिरीच्या गोड्या पाण्याने धुणं, कारण स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे रिगर खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात. बैठकीच्या चाकांत अडकलेला वाळूचा कण जुन्या टूथब्रशने काढायचा. ओहोटीला उतरताना जुने कॅनव्हासचे बूट घालायचे, कालवांनी तळपाय चिरतो आणि चिखलातली जखम चिघळते.

कुठे चुकलं

मला सरांबद्दल अपार आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. त्यांनी कोणालाही जवळ केलं नाही. सरावात मुलांवर लक्ष ठेवायला जाणाऱ्या सोबतच्या होडीत तीस वर्षं तेच बसले. हाताखाली एकही सहायक तयार केला नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "पाण्याची जबाबदारी वाटून घेता येत नाही." भावना समजण्यासारखी आहे. दुसऱ्याची मुलं पाण्यात उतरवणाऱ्या माणसाला झोप कशी लागते हे ज्याचं त्यालाच माहीत. पण त्याचा परिणाम असा की पौर्णिमेच्या भरतीत वेळा घेणाऱ्या सहकाऱ्याला चूक करण्यावाचून पर्याय नव्हता, आणि सर गेले त्या दिवशी खाडी वाचणारं कोणीच उरलं नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये हॅरी पार्कर १९६३ पासून २०१३ साली मृत्यू येईपर्यंत पुरुषांच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक होते. पन्नास वर्षं एकाच नदीवर. ते स्वतः १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये पाचवे आले होते. त्यांच्या विजयांची यादी लांब आहे, पण मला त्यांच्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथेच हलक्या वजनाच्या संघाला अनेक वर्षं शिकवणारे सहकारी त्यांच्या जागी आले आणि काम चालू राहिलं. म्हणजे मुख्य माणूस असतानाच दुसरा माणूस त्याच पाण्यावर तयार झालेला होता. तिथे पैसा आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उभं असलेलं बोटहाउस आहे, आपल्याकडे ते नाही हे कबूल. पण सोबतच्या होडीत दुसऱ्या एका माणसाला बसवायला पैसा लागत नव्हता.

संस्थेचा दोष मला याहून मोठा वाटतो. वर्षानुवर्षं सरांकडून पदकांचा तक्ता मागितला गेला. एकदाही कोणी विचारलं नाही की हे काम दुसऱ्या कोणाला येतं का. एक मुलगा जरी बुडाला असता तर हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला गेला असता. इतक्या वर्षांत तसं झालं नाही, हे त्यांचं सगळ्यात मोठं यश कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

आज

पद रिकामं आहे. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचं पद भरलेलं नाही, त्यातलं हे एक. जिमखान्याचा कार्यभार मराठीच्या प्राध्यापिकांकडे आहे. त्या मनापासून करतात, पण खाडीची जबाबदारी घेऊ शकत नाहीत आणि तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे, ते योग्यच आहे. एक माजी विद्यार्थी किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. तो आणि मुलींच्या पहिल्या संघातली एक जण मिळून अष्टमी ते द्वादशी सकाळी मुलांना घेऊन जातात, वही समोर ठेवून. मानधन नाही, विमा नाही, महाविद्यालयाच्या कागदावर त्यांचं नाव नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण, याचं उत्तर कोणाकडे नाही.

२०१६ च्या विद्यापीठ अधिनियमानुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते. या प्रकरणात तिच्यापुढे ठेवण्यासारखे तीन ठराव आहेत आणि तिन्ही पुढच्या बैठकीत होऊ शकतात: त्या दोघांची अर्धवेळ प्रशिक्षक म्हणून लेखी नेमणूक, खेळाडूंसह त्यांचा विमा, आणि भरतीची वही महाविद्यालयाच्या दप्तरी जमा करून दरवर्षी तिच्यात भर घालण्याची सक्ती. मसुदा मी करून दिला आहे. सर सही करायला आले तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: नेमणूक दोघांची नको, तिघांची करा, तिसरा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हवा. तसा बदल करून मसुदा प्राचार्यांकडे पाठवला आहे.